केडगावची गाडी, चौफुल्याची बारी

टॅप डान्सचा खेळ इथे कुठे बघायला मिळेल, असं भाचीनं विचारलं आणि मी तिला चौफुल्याला न्यायचं ठरवलं. पुण्यात कथकचे कार्यक्रम बारा महिने असतात. रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती सुरू केली, तेव्हापासून या शहराचे कान तत्काराला सरावले आहेत. पण अस्सल टॅपचा खेळ मांजरीच्या पंचक्रोशीत मिळणं अवघड. पायांनी ताल वाजवणाऱ्या बायका मात्र आमच्या घरापासून पूर्वेला, सोलापूर रस्त्यावरच्या चौफुल्याला, गाडीनं तासाभराच्या अंतरावर रोज रात्री उभ्या असतात. त्या रस्त्यानं मी जन्मभर जा-ये केली. एसटीच्या खिडकीतून कला केंद्रांच्या रंगीत पाट्या दिसायच्या आणि शेजारी बसलेली मोठी माणसं एकदम उसाच्या भावाबद्दल बोलायला लागायची. आत काय चालतं ते बघायला थांबायचं, हे मनातसुद्धा आलं नव्हतं.

भाची न्यू जर्सीत वाढलेली, चोविशीची. लहानपणापासून टॅप शिकते. मराठी घरात बोललेलं, त्यामुळे तिला ‘फोडणी’ आणि ‘आगाऊपणा’ हे शब्द येतात, ‘अधिवेशन’ येत नाही. आमच्याकडे हिवाळ्यात राहायला आली ती बूट घेऊनच. काळे, बांधायचे, दिसायला शाळेतल्या मुलांच्या बुटांसारखे. तळ उलटा केला की चवड्याखाली एक आणि टाचेखाली एक असे अॅल्युमिनियमचे दोन पत्रे, स्क्रूनं बसवलेले. स्क्रू किंचित सैल केला की आवाज खुलतो, घट्ट आवळला की बंद होतो. ती पेचकस पर्समध्ये ठेवते. पूर्वी असे पत्रे नव्हते तेव्हा लोक लाकडी तळाचे बूट घालायचे, नाहीतर बुटाला नाणी, बाटल्यांची बुचं ठोकायचे.

घरात नाचून दाखव म्हटलं तर टाइल्सवर पाय ठेवायला तयार होईना. खाली सिमेंट असलं की गुडघे जातात, म्हणाली. लाकूड पाहिजे, आणि लाकडाखाली थोडी हवा पाहिजे. आमच्या संकुलात कुणाचं तरी फर्निचरचं काम कायम चालू असतं. सुताराकडून जाड प्लायचा तुकडा मागून आणला, खाली दोन पट्ट्या टाकल्या, आणि पार्किंगच्या कोपऱ्यात तिनं जे काही केलं त्यानं वॉचमन, इस्त्रीवाला आणि दोन कुत्री जागच्या जागी थांबली. कमरेच्या वर जवळजवळ काही घडत नव्हतं. हात सैल, चेहरा जरा कंटाळल्यासारखा. सगळं भाषण खाली चाललेलं.

हे असं का झालं त्याची गोष्ट तिनंच सांगितली. १७३९ मध्ये दक्षिण कॅरोलिनात स्टोनो नदीजवळ गुलामांनी उठाव केला, तेव्हा ते ढोल बडवत निघाले होते. पुढच्याच वर्षी तिथल्या मळेवाल्यांनी कायदा केला, त्यात गुलामांच्या ढोल वाजवण्यावर बंदी आली. ढोल गेला. मग ताल अंगावर आला : मांड्या, छाती, टाळ्या, पाय. नंतर न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्ससारख्या गरीब वस्त्यांत आयरिश लोकांचे जिग आणि या काळ्या लोकांचे पाय एकाच गुत्त्यात भेटले. १८४२ साली चार्ल्स डिकन्स तिथे गेला आणि एका काळ्या पोराचं नाचणं बघून थक्क झाला. तो पोरगा म्हणजे विल्यम हेन्री लेन, ‘मास्टर जुबा’, असं मानतात. पुढे बिल ‘बोजँगल्स’ रॉबिन्सन आला. जिन्याच्या पायऱ्यांवर चढत-उतरत नाचायचा आणि प्रत्येक पायरीतून वेगळा सूर काढायचा. त्याचा जन्मदिवस २५ मे, तो अमेरिकेत १९८९ पासून टॅप डान्स दिन म्हणून पाळतात. हे सगळं ऐकताना माझ्या डोक्यात चौफुला घुमत होतं. आमच्याकडे ढोलकी कुणी काढून घेतली नाही. ती तिथेच, बाईच्या शेजारी आहे. मग पाय काय करतात?

कला केंद्राला फोन लावला. घरच्या बायका येणार आहोत, चालेल ना? पलीकडचा माणूस म्हणाला, “या की, पुढं बसा. संगं गडीमाणूस हाय का?” तो येईल रात्री न्यायला, असं सांगितलं. नवऱ्याला ही जबाबदारी परस्पर दिल्याचं मी त्याला दुसऱ्या दिवशी कळवलं.

गाडीनं थेट जाता आलं असतं, पण मला तिला शटलनं न्यायचं होतं. मांजरी बुद्रुकचं स्टेशन लहान. आजूबाजूला आता वीस-वीस मजली इमारती आहेत आणि २०२१ मध्ये गाव महापालिकेत गेलं, तरी फलाटावर उभं राहिलं की अजून शेताचा वास येतो. भरताला लागतं ते मांजरी वांगं इथलं. द्राक्षांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र इथे, उसाची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथे. भाचीला यातलं वांगं तेवढं महत्त्वाचं वाटलं.

हा रूळ जुना आहे. पुण्याहून दिक्सळपर्यंतची गाडी १८५८ च्या डिसेंबरात सुरू झाली. दुपारच्या डब्यात दौंडकडचे विद्यार्थी, रुग्णालयातून परतणारी माणसं, पेरूच्या टोपल्या. लोणीला तेलाच्या टाक्यांच्या वाघिणींची रांग लागते, उरुळीला गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केलेला निसर्गोपचार आश्रम आहे, यवतला डोंगरावरच्या भुलेश्वराकडे जाणारे उतरतात. खुटबावच्या पुढे ऊस दोन्ही बाजूंनी अंगावर येतो आणि मधूनच गुऱ्हाळाचा धूर. भाची रुळांच्या सांध्यांचा ठेका गुडघ्यावर बोटांनी धरत होती. हे टॅपवाले लोक जरा कंटाळवाणे असतात. त्यांना कुठलाही आवाज नुसता ऐकता येत नाही.

केडगावला उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. चौफुल्याचा खेळ रात्रीचा, म्हणून आधी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनकडे गेलो. रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला फिलाडेल्फियात गेल्या, दोनहून अधिक वर्षं अमेरिका फिरल्या, परत येऊन मराठीत त्या देशाचं प्रवासवृत्त लिहिलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य भारतातून त्यांनी उपाशी, टाकून दिलेल्या बायका-मुली गोळा करून आणल्या, त्यांना इथे, या माळावर ठेवलं. विहिरी खोदल्या, शाळा काढली, छापखाना चालवला. बायबलाचं मराठी भाषांतर स्वतः केलं आणि त्या छापखान्यात मुलींनी ते जुळवलं, छापलं. १९२२ मध्ये रमाबाई इथेच गेल्या. भाचीनं त्यांचं नाव ऐकलं नव्हतं. आईनं सांगितलं नाही, असं ती म्हणाली आणि माझ्या बहिणीला तिथूनच मेसेज केला.

मग सहा आसनी रिक्षात बसून चौफुल्याला. केडगाव स्टेशन ते चौफुला हे अंतर एवढं थोडं आहे की रिक्षात नीट बूड टेकेपर्यंत उतरायची वेळ येते. एका टोकाला बायकांना बाजारातून, दुष्काळातून, नवऱ्याच्या मारातून बाहेर काढणारी संस्था. दुसऱ्या टोकाला अशी घरं, जिथे बाईच्या नाचण्यावर अख्खं कुटुंब जेवतं. अशाच घरातल्या किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ हे आत्मकथन १९९४ मध्ये आलं तेव्हा आम्ही शहरातल्या लोकांनी ते एका दमात वाचलं आणि हळहळलो. त्या हळहळीत एक गोष्ट राहून गेली. त्या बायका वाजवतात कशा, हे कुणी विचारलं नाही. मलाही रिक्षात बसून हे सुचलं, कारण शेजारी बूट घेऊन बसलेली पोरगी होती.

चौफुला म्हणजे सोलापूर महामार्ग जिथे शिरूरहून सुप्याकडे, बारामतीकडे जाणाऱ्या रस्त्याला छेदतो तो नाका. ट्रक, ढाबे, टायरची दुकानं. कला केंद्राच्या आवारात शिरलो तर आधी दिसल्या त्या वाळत घातलेल्या नऊवारी, गृहपाठ करत बसलेली पोरं आणि भाकरीचा धूर. इथे एका छपराखाली बऱ्याच पार्ट्या राहतात. प्रत्येक पार्टीची एक मालकीण, तिच्या मुली-भाच्या-बहिणी, गाणारणी, पेटीवाला, तबलजी, ढोलकीवाला. रात्री त्या पाळीपाळीनं रंगमंचावर येतात. एकीची बारी संपली की दुसरी. ढोलकी फडाच्या तमाशासारखं इथे वग नाही, सोंगाड्या नाही. गाणं, अदा आणि पाय.

भाची सगळ्यात आधी रंगमंचाकडे गेली. गुडघाभर उंचीचा कट्टा, वर पातळ जाजम. तिनं जाजमाचा कोपरा उचलून बघितला. खाली फळ्या. वाकून फळीवर बोटाच्या पेरानं ठोकलं, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांवर आम्ही बसलो. मागे फेटेवाले, टोपीवाले, कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट. आमच्याकडे त्यांनी एकदाच बघितलं, मग बघायचं टाळलं. त्यांना आमच्यामुळे अवघडल्यासारखं झालं असावं.

पहिल्या बारीनं माझी निराशा केली, हे लिहायला हवं. मुजरा झाला, एक गवळण झाली, मग फर्माइशी सुरू झाल्या त्या बहुतेक सिनेमातल्या. माईक इतका मोठा लावलेला की पेटीसुद्धा भोंग्यासारखी वाजत होती. पाय हलताना दिसत होते, ऐकू येत नव्हते. नोटा पुढे होत होत्या. बाई येऊन नोट घ्यायची, देणाऱ्याचं नाव माईकवर पुकारलं जायचं, पुन्हा गाणं. हल्ली गावोगावच्या जत्रांत लावणी म्हणून जे चालतं त्यात तर गाणं आधीच रेकॉर्ड केलेलं असतं, डीजे लावतो, आणि पायात चाळ असला काय नि नसला काय, सारखंच. त्या कार्यक्रमांना हजारोंनी माणसं येतात. मला त्यात लावणी सापडत नाही. इथेही तेच बघायला लागणार की काय, असं वाटलं.

दुसऱ्या पार्टीची मालकीण पन्नाशीच्या पुढची. ती स्वतः मागे गाणाऱ्यांत बसली आणि तिशीतली एक बाई पुढे आली. जांभळी नऊवारी, अंगानं भरलेली, चालताना चाळ फारसा वाजला नाही. चाळ बांधून आवाज न करता चालणं हेच अवघड. दोन ओळी गाऊन झाल्या आणि मालकिणीनं हातानं खूण केली. गाणारणी थांबल्या. पेटी एकाच आवर्तनावर फिरत राहिली. माईकवाल्यानं माईक बाजूला घेतला. उरली ढोलकी आणि पाय.

ढोलकीवाल्यानं एक तोडा टाकला, सरळ, ओळख करून दिल्यासारखा. तिनं तो टाचेनं परत केला. त्यानं दुसरा टाकला, थोडा वाकडा. तिनं तोही परत केला, पण शेवटची मात्रा खाऊन. ती मात्रा तिथे वाजलीच नाही. पाय हवेत, चाळ गप्प, बोटांच्या चिमटीत निऱ्या घोट्यापर्यंत उचललेल्या, नजर मागच्या कोपऱ्यातल्या कुणावर तरी. रिकाम्या जागेवर चार-पाच शिट्ट्या पडल्या. त्या लोकांना तिथे काय वाजायला हवं होतं ते माहीत होतं. नाहीतर शिट्टी नेमकी तिथे पडली नसती. मागची माणसं फक्त चेहरा बघायला आलीत, असं मी धरून चालले होते. कान तर त्यांचा माझ्याहून तयार होता.

मग ते वाढत गेलं. ढोलकीच्या शाईच्या बाजूनं खणखणीत बोल यायचे, धुमावरून घुमारा, आणि ती त्यांना तळपाय, टाच, चवडा अशी तीन उत्तरं द्यायची. तळपाय सपाट पडला की फळी दबून बोलायची, टाच पडली की कोरडी. घुंगरं त्या दोन्हींच्या वर सांडत होती. एकदा तिनं पाय उचललाच नाही. टाच जमिनीवर ठेवून नुसता घोटा थरथरवला आणि चाळ पावसासारखा बारीक वाजत राहिला, तोवर तिच्या गाणाऱ्या मैत्रिणीनं पान तोंडात टाकलं, चुना पुसला, आणि पुढची ओळ समेवर उचलली. ते एवढं सहज होतं की टाळ्या उशिरा आल्या.

भाचीनं माझं मनगट धरलं होतं. टॅपमध्येही हेच असतं, ती कानात म्हणाली. मोठे लोक भरपूर वाजवत नाहीत, सोडून देतात.

बाऱ्यांच्या मध्ये मालकिणीनं आम्हाला आत बोलावलं. खोलीत कपाट, आरसा, देवाऱ्यात यल्लमा आणि भिंतीवर लावणी कलावंत यमुनाबाई वाईकरांचा पेपरातून कापलेला फोटो. यमुनाबाईंना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हाचा. चहा आला. मघाची जांभळ्या नऊवारीतली बाई चाळ सोडत होती. चामड्याच्या पट्ट्यावर पितळी घुंगरं दाट ओवलेली. माझ्या हातात एक दिला तर न सोललेल्या नारळांची जोडी उचलावी तसा हात खाली गेला.

“तू काय बांधतीस पायाला?” तिनं भाचीला विचारलं.

भाचीनं पिशवीतून बूट काढून तळ दाखवला. बाईनं पत्र्यावर नख वाजवलं, मालकिणीकडे दिला. मालकिणीनं तो पार नाकाशी नेऊन बघितला.

“आन् पाय उचलल्यावर?”

“उचलल्यावर काहीच नाही. आवाज फक्त टेकल्यावर.”

“मंग बरंय की तुझं,” मालकीण म्हणाली. “आमचं तर श्वास घेतला तरी वाजतंय. गप करायला शिकायलाच चार वर्सं जातात.”

त्यानंतरचं बोलणं गुडघ्यांवर गेलं. टाचदुखी, पोटरीत येणारे गोळे, फरशीवर कार्यक्रमाची सुपारी असली की होणारे हाल. लग्नाच्या सुपाऱ्यांत स्टेजखाली लोखंड असतं आणि वर गालिचा. रात्रभर नाचून आवाज काही येत नाही, दुखणं तेवढं येतं. भाची पोटरीच्या हाडाच्या दुखण्याबद्दल सांगायला लागली, तिला मराठी शब्द सापडेना, तिनं बोटानं दाखवलं आणि दोघींनी एकदम “तिथंच!” म्हटलं. तेल कुठलं लावायचं, यावर पाच मिनिटं गेली. कलेबद्दल, परंपरेबद्दल कुणी काही बोललं नाही. अकलूजच्या लावणी स्पर्धेचं नाव मात्र निघालं. १९९३ पासून ती भरू लागली आणि तिथे घरंदाज बायका पहिल्यांदा समोर बसलेल्या बघितल्या, असं मालकीण म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता, आणि थोडी थट्टाही.

ढोलकीवाला दारात येऊन बसला होता. भाचीनं त्याला फोनवर एक जुगलबंदी दाखवली : कोलकात्याचे कथक गुरू पंडित चित्रेश दास आणि अमेरिकेचा टॅप नर्तक जेसन सॅम्युएल्स स्मिथ. दोघं २००४ मध्ये एका नृत्यमहोत्सवात भेटले, पुढच्या वर्षी ‘इंडिया जॅझ स्वीट्स’ उभं राहिलं. दास तेव्हा साठीचे, स्मिथ त्यांच्या निम्म्याहून लहान. ढोलकीवाल्यानं फोन कानाला लावला, चित्र बघितलंच नाही. बराच वेळ ऐकून म्हणाला, “म्हाताऱ्याचा हिसाब पक्का. पोराचा मोकळा. पोरगं समेला येतंय, पण दार वाजवत नाय, खिडकीतनं येतंय.”

तिनं तिथे नाचून दाखवावं, असं मला आतून वाटत होतं. तिनं बूट पिशवीत घातले. त्यांच्या फळ्यांवर पत्र्याचे चरे पडतील, म्हणाली.

बाहेर पुढच्या बारीचं नाव पुकारलं. बाईनं चाळ पुन्हा बांधायला घेतला. बांधण्याआधी तो कपाळाला लावला, आणि बांधता बांधता मालकिणीशी कुणाच्या तरी शाळेच्या फीबद्दल भांडत राहिली. ती बारी आम्ही उभ्यानंच बघितली.

नवरा महामार्गाच्या कडेला गाडी लावून भेळ खात होता. कोणकोणत्या लावण्या झाल्या, त्यानं विचारलं. आम्हा दोघींना मिळून एक मुखडा नीट सांगता येईना. यवत गेलं, उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रांगत होती आणि मागच्या सीटवर वाद पेटला होता. भाचीचं म्हणणं, घुंगरं चूक झाकतात; शंभर दाणे एकदम वाजले की एखादा ठोका इकडेतिकडे गेला तरी खपतो, पत्र्याखाली काहीच खपत नाही. मी म्हटलं, मग ती शिट्टी नेमकी रिकाम्या मात्रेवर कशी पडली? ती म्हणाली, ते त्या बाईचं कौतुक, घुंगरांचं नाही. मी म्हटलं, घुंगरं नसती तर ती गप्प झाली हे कळलं असतं का? यावर ती उरुळीपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, पुढच्या वेळी जाजम काढायला सांगू या, नुसत्या फळीवर ऐकू, मग ठरवू. नवऱ्यानं आरशातून विचारलं, पुढच्या वेळी म्हणजे कधी, आणि गाडी कोण चालवणार?